गावपळणीतला भोंगा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा ओटीवर बसून पेपर वाचील. चार दिवस वाचला. पाचव्या दिवशी मी ग्रामपंचायतीत जाऊन ठाण मांडलं आणि महिन्याभरात गावच्या दोन-तीन समित्यांवर माझं नाव लागलं. त्यातली एक उघाडीची.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाला ठेवलेलं दार. आमचा गाव मालवणच्या बाजूला, खाडीच्या काठावर. बांधाच्या बाहेर खारं पाणी, आत भाताचे मळे. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, गोडं पाणी सुकतीला ह्या दारातून बाहेर सोडायचं आणि भरती चढायला लागली की दार बंद करायचं, एवढंच ते काम. पण एक भरती जरी आत शिरली तरी जमीन खारते आणि मग पुढचा अख्खा हंगाम तिच्याकडे बघत बसावं लागतं.

हे दार माझे काका सांभाळत. त्यांच्या आधी आजोबा सांभाळत. आमच्या घराला तो मान होता, जत्रेत देवळात उघाडीचा नारळ आमच्या घरी येई. दगडी खांबांना खाचा होत्या. काका त्या खाचांतून एकावर एक जाड फळ्या सोडायचे आणि फटींत चिखल-पेंढा ठासायचे. दारावरच्या लाकडी पुलावरून पलीकडच्या वाडीतली माणसं, गवताचे भारे, गुरं, सगळं जायचं. फळ्या हलवण्याआधी काका हाळी द्यायचे आणि पुलावरून कोणी 'होऽऽ' केलं तर ते माणूस उतरेपर्यंत थांबायचे.

भरती रोज थोडी थोडी सरकते, त्यामुळे काकांचं जेवणही रोज सरकायचं. लग्नात पंगत बसली आणि काका मधूनच उठून गेले, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मी मुंबईत तीस वर्षं राहिलो, पण काका एकदाही माझ्याकडे राहायला आले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, "दार कोण बघतलो?" मी त्यावर हसायचो आणि दोस्तांना सांगायचो, आमचे काका समुद्राची नोकरी करतात.

तर, दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून उघाडीला मोटर बसवायचं ठरलं. लोखंडी झडप, ती वरखाली करणारा स्क्रू, बांधाच्या दोन्ही अंगांना पाण्यात तरंगणारे दोन गोळे. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा वर चढलं की भोंगा तीनदा वाजणार आणि झडप आपोआप खाली येणार. पाणी उतरलं की आपोआप वर. योजनेच्या साहेबांनी गावच्या सभेत हे समजावून सांगितलं आणि काकांकडे वळून म्हणाले, "काका, आता तुम्ही निवांत बसा. खूप केलंत."

काका नुसते हसले. बाकी गाव मात्र हसायला तयार नव्हता. लायट गेली तर? बॅटरी आहे, साहेब म्हणाले. भाऱ्याखाली डोकं असलेल्या बाईला भोंग्याचा अर्थ कळेपर्यंत झडप हलली तर? पूल वेगळा आहे, झडप खाली आहे. म्हशी भोंग्याला बुजल्या तर? ह्यावर साहेब कागद चाळायला लागले. एक म्हातारा उठून म्हणाला, "ह्येका आरड मारली तर आयकतला काय ह्या?" साहेब माझ्याकडे बघायला लागले.

आणि मी, ज्याला गप्प बसता येत नाही, तो उभा राहिलो. मुंबईत मी पंपांच्या कारखान्यात होतो, मोटरी मला ठाऊक होत्या. मी तासभर बोललो. माणूस म्हातारा होतो, आजारी पडतो, पंगतीतून उठतो. काकांच्या नंतर कोण? आहे कोणी तयार? कोणीच तयार नव्हतं, हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं. मला वाटत होतं, मी काकांच्या बाजूने भांडतोय.

शेवटी शेजारच्या वैनी उठल्या. त्यांचे यजमान बोटीवर असतात, वर्षातून दोन-तीन महिने घरी. दाराच्या अगदी आतल्या अंगाला जे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, आहेत ते वैनींचे. म्हणजे खारं पाणी आलं तर पहिलं त्यांच्याकडे. त्यांनी एकच विचारलं, "गावपळणीक ह्या काय करतला?"

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की आमचा अख्खा गाव वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस, तीन रात्री शिवेपलीकडे झावळांच्या खोपट्यांत राहायचं. त्या तीन दिवसांत गावात चूल पेटत नाही, पावलाचा आवाज होत नाही, कोणी काही विसरलं म्हणून परत जात नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात आणि देवाने हो म्हटलं की गाव घरी येतो. काका निघण्याआधी सगळ्या फळ्या घालून चिखलाने लिंपून टाकायचे. मग तीन दिवस भरती येवो, सुकती येवो, दार जागचं हलायचं नाही.

मी वैनींना म्हणालो, "वैनी, मशीन गावात रवतला. ह्येका खंय कौल लागता?"

सभा खदखदून हसली. वैनी हसल्या नाहीत. ठराव झाला, मीच लिहिला.

पावसाळ्याआधी मोटर बसली. काकांनी एकच हट्ट धरला, जुन्या दगडी खाचा तोडायच्या नाहीत. साहेबांनी मान्य केलं, म्हाताऱ्याचं मन राखायला. फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या. आणि खरं सांगतो, यंत्राने पावसाळा झकास काढला. अमावास्येची उधाणं आली, व्हाळ दुथडी भरून वाहिला, पण भोंगा तीनदा वाजून झडप बरोबर बसायची. मी तालुक्याला जाईन तिथे ह्याबद्दल बोलायचो. काका मात्र पूर्वीसारखेच दिवसातून दोनदा बांधावर जायचे. मी म्हणायचो, सवय. घरातले म्हणायचे, सवय. कोणी बांधावर जाऊन ते तिथे काय करतात हे पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

मार्गशीर्षात गावपळणीचा कौल झाला. गावात नुसती धावपळ उडाली. टेम्पोत भांडी, सायकलीला कोंबड्यांचे झाप, कोणाची म्हातारी खुर्चीत बसवून चाललेली. मी तर सकाळपासून चारदा वेशीपर्यंत जाऊन आलो, काही काम नसताना. शेवटच्या फेरीत काका उघाडीवर दिसले. फळ्यांजवळ उभे होते.

"फळयो घालूया?" त्यांनी विचारलं.

"कित्याक? मशीन आसा मा."

"तीन दिस कोण नाय हंय."

"म्हणानच तर मशीन," मी म्हणालो. त्यातही माझा डाव होता. गाव रिकामा असताना यंत्र चाललं म्हणजे सभेत कुरकुर करणाऱ्यांची तोंडं कायमची बंद होतील, असा माझा हिशोब.

काका थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरा." आणि छत्री काखोटीला मारून माझ्याबरोबर चालायला लागले. एवढ्या लवकर ते माझं ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. मी खूश झालो.

आमची खोपटी खाडीच्या पलीकडच्या सड्यावर, उंच कातळाच्या माळावर होती, काजूच्या झाडांखाली. तिथून अख्खा गाव दिसतो, कौलं, देवळाचा कळस, बांध, आणि बांधावरचा तो निळा रंग दिलेला मोटरीचा डबा. पहिल्या दिवशी गाव इतका शांत होता की पलीकडून नारळ पडल्याचा आवाज इकडे आला. आणि त्या शांततेत भोंगा वाजला. तीनदा. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. देवळाचे गुरव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गावात कोण नाय आणि ह्या कोणाक हाक मारता?" मी म्हटलं, कोणाला नाही, आपलं काम करतंय. पण खरं तर मलाही ते ऐकून बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. दुपारची जेवणं चालली होती. भोंगा वाजला, एकदा, दोनदा, तीनदा. मी मनात मोजत होतो. मग चौथ्यांदा वाजला. पाचव्यांदा. मी हात न धुताच सड्याच्या टोकाला गेलो. झडप अर्ध्यावर थांबली होती. खालून पाणी आत जात होतं, मुकाट्याने, दुपारच्या उन्हात लखलखत. भोंगा थांबायचं नाव घेईना. झडप नीट बसत नाही तोवर तो वाजायचा, तशीच त्याची रचना होती. मला ती पाठ होती, मीच सगळ्यांना समजावून सांगितली होती.

हळूहळू सगळा गाव टोकाला जमला. वैनींच्या कुणग्यात वायंगणाचा तरवा होता, हिवाळी भाताची रोपं, आठ-दहा दिवसांची. इतक्या लांबून रोपं दिसत नाहीत, नुसता हिरवा चौकोन दिसतो. त्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात पाणी चमकायला लागलं होतं.

मी काकांना शोधलं. ते काजूखाली चटईवर झोपले होते, तोंडावर पंचा टाकून. एवढा गोंधळ चाललेला आणि ते झोपलेले. मला वाटलं, म्हातारपण. उठवावंसं वाटलं नाही. त्यांना उठवून काय सांगणार होतो?

मी खाली होडीकडे धावलो. माझा देवावर फारसा विश्वास नाही, निदान मी चारचौघांत तसं सांगत असतो. खाडी ओलांडायची, हँडलने झडप खाली घ्यायची, परत यायचं. फार तर अर्धा तास. मी होडीचा दोर सोडत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"खंय चल्लंस?"

वैनी होत्या. धावत आल्या होत्या, दम लागला होता.

"दार लावूक."

"बस थंयच. गाव भायर आसा."

"वैनी, तुझो तरवो..."

"तरवो माझो. माका म्हायत आसा." त्यांनी माझ्या हातातला दोर घेतला आणि पुन्हा खुंटाला बांधला, नीट, दोन गाठी मारून. "तीन दिस म्हणजे तीन दिस. माझ्या चार रोपांसाठी गावाची पळण मोडूची नाय."

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. कोणीतरी मला अडवलं ह्याचं मला बरं वाटलं. पलीकडे जाऊन मी काय पाहणार होतो त्याची मला धास्ती होती.

भोंगा दिवसभर वाजत राहिला. वस्तीत कोणाला जेवण गेलं नाही, गुरं दावी तोडायला लागली. भोंग्याची बॅटरी संपत आली तसा त्याचा आवाज घोगरा होत गेला आणि तिन्हीसांजेच्या आधी तो बंद पडला. झडप तशीच अर्ध्यावर; एकदा अडकली की मोटर आपोआप बंद होते. पुढच्या साऱ्या भरत्या आरामात आत-बाहेर करत राहिल्या.

चौथ्या दिवशी कौल मिळाला आणि गाव घरी परतला. मी घराची कडी काढण्याआधी उघाडीवर गेलो. झडपेखाली नारळाचं एक चुडत अडकलं होतं. एक झावळ! आतल्या व्हाळातून वाहत आलेली. ती निघाली आणि झडप हँडलच्या चार फेऱ्यांत खाली बसली. वैनींच्या कुणग्यात रोपं पिवळी पडून चिखलात आडवी झाली होती. वर मिठाची पांढुरकी साय धरली होती.

त्याच दिवशी देवळात गाव बसला. गावकारांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, विचारलं, "दार चालू ठेवन कोण भायर पडलो?"

"मी," काका म्हणाले.

"फळयो?"

"घालूक नाय."

बस. कोणी आवाज चढवला नाही. गावकार एवढंच म्हणाले, "तुमच्या बापाशीच्या वक्ताक असा कधी होवक नाय." काकांनी मान खाली घातली. मी खांबाला टेकून उभा होतो, हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं तर दोन वाक्यांचं काम. सभेत तासभर बोलणारा मी, त्या दिवशी माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. वर्षाच्या जत्रेला उघाडीचा नारळ आमच्या घरी येणार नाही, असं ठरलं. तेही ऐकून घेतलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी काय केलं विचारू नका. मालवणला एस्टीने जाऊन काही न घेता परत आलो. समितीचे कागद फाडले, पुन्हा चिकटवले. कोणीतरी येऊन मला शिव्या घालाव्यात म्हणून मी मुद्दाम लोकांच्या समोरून जायचो. लोक नमस्कार करायचे. "यंत्राचा काय खरा नाय," एवढं म्हणायचे आणि वर मलाच धीर द्यायचे. माझ्या डोक्यात एकच चित्र पक्कं बसलं होतं. म्हातारा, भोळा माणूस, पुतण्याचं ऐकलं आणि आयुष्यभराचं नाव घालवलं. त्या चित्राने मला झोप येईना.

आठव्या दिवशी संध्याकाळी काकांच्या पडवीत गेलो. ते सुंभ वळत बसले होते. मी धडाधड सगळं बोलून टाकलं, चूक माझी, तुम्ही फळ्या घालू म्हणत होता, मी नको म्हटलं, उद्या देवळात जाऊन सांगतो.

काकांनी सुंभ खाली ठेवलं. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तू नको म्हटलंस म्हणान मी घालूक नाय, असा वाटता तुका? चाळीस वर्सां त्या दारार माका कोणी काय सांगूक नाय. तू कोण सांगणारो?"

त्यांनी कोपऱ्यातल्या काठीकडे बोट केलं.

"चुडतां अडकतत थंय. सुकतीक रोज येतत. पावसाळाभर रोज मीच काढतंय, काठयेन. तुझ्या सायबाक म्हायत नाय, तुका म्हायत नाय. माका म्हायत होता. भायर पडताना म्हायत होता, तीन दिस काढूक कोण नाय."

पावसाळाभर आम्ही कोणाच्या कामाची शाबासकी यंत्राला देत होतो ते मला तेव्हा कळलं.

"मगे कित्याक?" मी विचारलं.

काकांनी मांडीवरचा काथ्या झटकला. मग हळू आवाजात म्हणाले, "जेवचा होता माका, रे. ताटार बसान, सगळा संपयसर. निजाचा होता. पाणी चढला काय उतारला, ता बघूचा नव्हता. तीन दिस. तू मशीन म्हणालंस आणि माझ्या मनान ता धरल्यान." त्यांनी सुंभ परत हातात घेतलं. "भोंगो वाजलो तेव्हा जागो होतंय मी. डोळे उघडूक नाय."

चाळीस वर्षं हा माणूस दमत होता आणि मी दोस्तांना समुद्राच्या नोकरीचा विनोद सांगत होतो. ज्याचं नाव गेलं म्हणून मला झोप नव्हती, त्याला तीन दिवस सुट्टी हवी होती, आणि ती मागायची कशी हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"मी तरी गावाक सांगतंय," मी शेवटी म्हणालो.

"तुझा तू सांग. माझा मी जंय सांगाचा थंय सांगलंय."

ह्याचा अर्थ मला लागला नाही. रात्रभर तळमळलो आणि सकाळी उजाडताच वैनींच्या कुणग्यावर गेलो. गावाला काय सांगायचं ते नंतर, आधी जिचा तरवा गेला तिला सांगावं, असं ठरवून.

वैनी कासोटा खोचून चिखलात उभ्या होत्या. व्हाळाचं गोडं पाणी आणून खारट माती धुवायची म्हणून कुणग्यात चर खणले होते, लांब, सरळ, कडा चोपून बसवलेल्या. एकट्या बाईच्या हातचं ते काम वाटत नव्हतं.

"वैनी, त्या दिसाचा एक सांगूचा आसा," मी बांधावरून म्हणालो.

"काकांचा? म्हायत आसा माका. इल्ले ते. घराक इलंव त्याच सांजेक, पाय धुवच्या आधी. सगळा सांगल्यानी. चुडतांचा, निजाचा." त्यांनी चराकडे हात केला. "तेव्हापासून रोज फाटफटी, उजाडूच्या आधी, येतत. ह्यो चर त्येंनीच मारल्यानी. आताच गेले घराकडे."

"माझा काय म्हणाले?"

"तुझा नाव घेवक नाय."

मी सांगितलं. फळ्या घालू म्हणाले होते, मी नको म्हटलं, देवळात गप्प राहिलो. दोन वाक्यांचं काम होतं, दोन वाक्यांतच झालं. मी वाट बघत राहिलो, आता शिव्या येतील म्हणून.

वैनींनी फावडं चिखलात रोवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका त्याच सांजेक इले," त्या म्हणाल्या. "तू आठ दिस खंय होतंस?"

मी चपला काढायला लागलो, निदान चिखलात तरी उतरावं म्हणून.

"फावडो आणलंस?"

"नाय."

"मगे रिकाम्या हातान कित्याक इलंस? घराकडे जा नि घेवन ये."